वाचकांचे प्रश्न : झाकणातला दोष आणि साच्यातलं त्याचं मूळ

मागच्या अंकात प्लास्टिकच्या झाकणांची आणि बाटल्यांची कॅमेऱ्याने तपासणी कशी होते, याबद्दल मी थोडक्यात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत. माझी नोकरी गोव्यातल्या प्लास्टिक कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांतच झाली, त्यामुळे उत्तरं तिथल्याच अनुभवावरून देते आहे.

ताई, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. औषधाच्या बाटल्यांची झाकणं करतो. वेर्ण्याची एक औषध कंपनी आमची मोठी ग्राहक. आजवर प्रत्येक लॉटमधून सॅम्पल काढून तपासायचो, टेबलावर चार मुली असतात. आता ग्राहक म्हणतो, सगळाच्या सगळा माल कॅमेऱ्याखालून गेला पाहिजे. यंत्राचा खर्च जेमतेम झेपण्यासारखा आहे. ग्राहकाचं म्हणणं रास्त आहे का? आणि घ्यायचंच तर काय बघून घ्यावं? — एक लघुउद्योजक, कुंडई

रास्त आहे. आधी आकडेच बघू. लॉट ८००० झाकणांचा असेल तर सॅम्पल तपासणीच्या आयएस २५०० या भारतीय मानकाच्या तक्त्यात तपासणीच्या नेहमीच्या दुसऱ्या पातळीला २०० झाकणांचं सॅम्पल येतं. एक टक्का दोषाची मर्यादा धरली, तर त्या २०० मध्ये पाच दोषी निघाली तरी लॉट पास होतो. आता समजा, लॉटमध्ये हजारी एक झाकण शॉर्ट शॉट आहे, म्हणजे साच्यात पूर्ण भरलंच नाही. ८००० मध्ये अशी आठ झाली. २०० च्या सॅम्पलमध्ये त्या आठांपैकी एकही न येण्याची शक्यता ८० टक्क्यांहून जास्त असते. यात सॅम्पल पद्धतीची चूक नाही. लॉट एकंदरीत कसा आहे, एवढंच ती सांगते. ती आठ झाकणं वेचून काढणं हे तिचं काम कधीच नव्हतं. पण त्यातलं एक जरी गोळ्यांच्या बाटलीवर बसलं, तरी आपल्याकडची जुलैची हवा आत शिरते आणि गोळ्या खराब होतात. ग्राहकाला नेमकी त्या आठांची काळजी आहे.

मग टेबलावरच्या मुलींनीच सगळी झाकणं बघितली तर? तेही होत नाही, आणि त्यात मुलींचा काही दोष नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारसमोर बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून खुणा का निसटतात, याचा अभ्यास नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमध्ये केला आणि १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका तबकडीवर काटा टिकटिक पुढे सरकायचा आणि क्वचित कधीतरी दुप्पट उडी मारायचा. ती उडी ओळखायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं उड्या चुकवायला लागली. तुमच्या टेबलावर यापेक्षा वेगळं काय चालतं? शेकडो चांगली झाकणं एकामागून एक नजरेखालून जातात आणि मध्येच एक वाईट येतं. डोळे तिथेच असतात, लक्ष थकलेलं असतं.

तेव्हा कॅमेरा घ्या. पण विक्रेत्याच्या कार्यालयातलं प्रात्यक्षिक बघून घेऊ नका. तिथे त्याचे नमुने आणि त्याचाच उजेड असतो. तुमच्या रिजेक्ट पेटीतली झाकणं त्याच्याकडे पाठवा. ढळढळीत वाईट थोडी आणि काठावरची जास्त, म्हणजे ज्यांच्यावर तुमच्या चार मुलींचंही एकमत होत नाही अशी. चांगल्यांत मिसळून पाठवा, कोणती वाईट हे सांगू नका. किती पकडली आणि किती चांगली उगाच बाहेर टाकली, हे दोन्ही आकडे लेखी मागा. दुसऱ्या आकड्याकडे लोक दुर्लक्ष करतात. शिफ्टला ५०,००० झाकणं निघतात आणि दोन टक्के चांगला माल बाहेर फेकला जातो असं धरा. हजार चांगली झाकणं ग्राइंडरमध्ये गेली. आठवडाभर असं चाललं की ऑपरेटर वैतागतो आणि गुपचूप सेटिंग सैल करतो. मग यंत्र असून नसल्यासारखंच. म्हणून सेटिंगला पासवर्ड हवा आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद यंत्राने आपोआप ठेवायला हवी. औषध कंपनीचा ऑडिटर ती नोंद मागणारच.

लोक मेगापिक्सेल किती एवढंच विचारतात. मी उजेडाबद्दल आधी विचारेन. पांढऱ्या झाकणावरचा काळा ठिपका दिसायला घुमटाकार दिव्याचा सगळीकडून सारखा येणारा उजेड लागतो. काठावरचा फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेली प्लास्टिकची पातळ कड, आणि शॉर्ट शॉट बघायला दिवा मागून हवा, म्हणजे कडेची रेघ स्पष्ट उमटते. ओरखडा हवा असेल तर उजेड अगदी आडवा, पृष्ठभागाला चाटून जाणारा लागतो. एकाच दिव्यात तिन्ही दिसतील असं कोणी सांगितलं तर त्याला तुमचीच झाकणं घेऊन ते दाखवायला सांगा.

पिक्सेलचा हिशेब तुम्ही स्वतः कागदावर करू शकता. कॅमेऱ्याला ४० मिलिमीटर रुंदी दिसते आणि त्या रुंदीत २००० पिक्सेल आहेत, तर एका पिक्सेलला ०.०२ मिलिमीटर येतात. ०.१ मिलिमीटरचा ठिपका पाच पिक्सेलांत बसला, म्हणजे पकडता येईल. पण झाकण थांबलेलं नसतं. कन्व्हेअर सेकंदाला अर्धा मीटर पळत असेल आणि फोटोला १०० मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात झाकण ०.०५ मिलिमीटर सरकतं. अडीच पिक्सेलची फरपट झाली, ठिपका फिका पडला. त्याऐवजी स्ट्रोब, म्हणजे क्षणभरच चमकणारा, दिवा लावून तो २० मायक्रोसेकंद चमकवला तर सरकणं अर्ध्या पिक्सेलवर येतं. महागडा कॅमेरा घेऊन स्वस्त दिवा लावणारे इथेच फसतात.

झाकण बाहेर फेकायची सोयही नीट बघा. कॅमेऱ्याने दोष बरोबर ओळखलेला असतो, पण कॉम्प्रेसरचा दाब पडलेला असतो आणि हवेच्या झोताने झाकण नुसतं हलून पुढे जातं. म्हणून रिजेक्ट पेटीच्या तोंडाशी झाकण खरंच पडलं का हे बघणारा सेन्सर हवा, आणि नाही पडलं तर लाइन थांबायला हवी. पेटीला कुलूप घाला. दर शिफ्टच्या सुरुवातीला माहीत असलेले दोषी नमुने सोडून बघा. सगळे बाहेर पडले तरच माल सुरू करा.

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं. खर्च जेमतेम झेपतो म्हणता, तर यंत्रात एक गोष्ट असलीच पाहिजे अशी अट घाला. झाकणाच्या आतल्या बाजूला कॅव्हिटीचा, म्हणजे साच्यातल्या ज्या पोकळीत ते झाकण घडलं तिचा, नंबर कोरलेला असतो. तो कॅमेऱ्याने वाचायला हवा आणि प्रत्येक रिजेक्ट त्या नंबराखाली नोंदवायला हवा. नुसता ‘आज ३१२ रिजेक्ट’ हा आकडा कोणाच्या काय कामाचा? पण ३१२ पैकी बहुतेक चौदा नंबरच्या कॅव्हिटीचे शॉर्ट शॉट आहेत असं दिसलं, की टूलरूमच्या, म्हणजे साचे दुरुस्त करणाऱ्या विभागाच्या, माणसाला कुठे हात घालायचा ते कळतं. एकाच कॅव्हिटीत दोष असेल तर तिथला व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायची बारीक वाट, तुंबला असेल किंवा वितळलेलं प्लास्टिक साच्यात पोचवणाऱ्या हॉट रनरचं ते नोझल थंड पडत असेल. सगळ्या कॅव्हिटींत सारखा असेल तर साचा सोडा आणि दाण्याकडे म्हणजे कच्च्या प्लास्टिककडे, ते वितळवणाऱ्या बॅरलच्या तापमानाकडे, इंजेक्शनच्या दाबाकडे बघा. काळे ठिपके सगळीकडे विखुरलेले आणि मशीन थांबून सुरू झाल्यावर वाढणारे असतील तर बॅरलमध्ये प्लास्टिक साचून जळतं आहे, स्क्रू साफ करायची वेळ झाली.

कॅमेरा वाईट झाकण बाजूला काढतो, पण ते तयार होणं थांबवत नाही. ज्या कारखान्यांत ही नोंद रोज सकाळी टूलरूममध्ये जाते, तिथे महिन्याभरात रिजेक्ट उतरलेले मी पाहिले आहेत. जिथे ती संगणकातच पडून राहते, तिथे यंत्र वर्षानुवर्षं तेवढाच माल फेकत बसतं. वीज जाते, दाणा जातो, मशीनचा वेळ जातो. घ्याल तर पहिल्या प्रकारे वापरायला घ्या.

पिसुर्ल्याच्या एका कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर आहे. आम्ही पाण्याच्या बाटल्यांचे पेट प्लास्टिकचे प्रीफॉर्म, म्हणजे ज्या फुगवून पुढे बाटल्या होतात त्या जाड नळ्या, करतो. जून लागला की कॅमेऱ्याचं रिजेक्शन वाढतं, दिवाळीनंतर आपोआप कमी होतं. यंत्रवाला माणूस म्हणतो, पावसाळ्यापुरती सेटिंग सैल करा. करावी का? — एक वाचक, सत्तरी

करू नका. कॅमेरा काहीतरी खरं बघतो आहे. ते काय, ते शोधा.

माझा पहिला संशय साच्याला सुटलेल्या घामावर आहे. प्रीफॉर्मच्या साच्यात चिलरने गार केलेलं पाणी साधारण ८ ते १० अंशांचं फिरतं. आपल्याकडे जुलैत हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असली की दवबिंदू २५ अंशांच्या जवळ जातो. त्याहून थंड असलेल्या कोणत्याही लोखंडावर पाणी धरणारच. कोअरवर, म्हणजे साच्याच्या आतल्या दांड्यावर, बारीक थेंब साचतात, त्यावर गरम पेट येतं आणि प्रीफॉर्मच्या अंगावर पाण्याचे डाग उमटतात. उजेडासमोर धरलं तर लहरींसारखे दिसतात. ओळखायची रीत सोपी आहे. रिजेक्टची नोंद वेळेप्रमाणे मांडा. मशीन थांबून पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या शॉट्समध्ये ते गठ्ठ्याने येत असतील तर कारण घामच. मशीन थांबलेली असते, साचा उघडा असतो आणि थंड पाणी मात्र चालूच असतं. थांबण्याचा वेळ लांबला की साच्याचं पाणी बंद करायची शिस्त लावा. साच्याभोवतीची जागा बंदिस्त करून तिथे कोरडी हवा सोडणारं यंत्र मिळतं, ते मालकांकडे मागा. वाया जाणाऱ्या मालाचा चार महिन्यांचा हिशेब सोबत न्या.

रिजेक्ट दिवसभर सारखे पसरलेले असतील तर कॅमेऱ्याची काच बघा. वीज जाऊन आली, पॅनेलचा एसी पुन्हा सुरू झाला की काचेवर वाफ धरते. तोच एक चांगला प्रीफॉर्म परत परत कॅमेऱ्याखालून सोडा. निकाल दर वेळी वेगळा आला तर दोष प्रीफॉर्ममध्ये नाही, बघणाऱ्यात आहे. छपराचे अर्धपारदर्शक पत्रेही तपासा. पावसाच्या दोन सरींमध्ये एकदम ऊन पडतं आणि तो उजेड थेट कॅमेऱ्याच्या स्टेशनवर येतो. काळ्या पत्र्याची पेटी करून ते सगळ्या बाजूंनी झाका. रात्रपाळीला पहिल्या पावसानंतरची पाखरं दिव्यावर येतात आणि लाइनवर पडतात. प्रीफॉर्ममध्ये गेलेलं पाखरू कॅमेऱ्याने पकडलं तर त्याचे आभार माना आणि शेडची दारं लावून घ्या.

एक इशारा देऊन ठेवते. पावसाळ्यात पेटचा दाणा ओल धरतो. तो १६० ते १७० अंशांवर काही तास सुकवून ओल ५० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत ५० भागांच्या, खाली आणावी लागते. ड्रायरमध्ये कमतरता राहिली तर पाण्यामुळे पेटच्या लांब साखळ्या तुटतात आणि माल कमजोर होतो. असा प्रीफॉर्म दिसायला काचेसारखा स्वच्छ असू शकतो. कॅमेरा त्याला पास करेल, आणि बाटली नंतर कधीतरी तळाशी फुटेल. तेव्हा कॅमेरा आहे म्हणून ड्रायरच्या दवबिंदूची रोजची नोंद आणि प्रयोगशाळेतली तपासणी सोडू नका.

आम्ही शॅम्पूच्या बाटल्यांमध्ये पुनर्वापरातला दाणा मिसळायला लागलो. कॅमेरा आता जवळपास सगळ्याच बाटल्या काढून टाकतो. काय करावं? — एक वाचक, थिवी

हा प्रश्न पुढे अनेकांना येणार आहे. १६ फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत कडक प्लास्टिकच्या वेष्टनासाठी पुनर्वापरातल्या प्लास्टिकचं प्रमाण २०२५-२६ साठी ३० टक्के आणि पुढे वाढत २०२८-२९ पर्यंत ६० टक्के घातलं आहे. नव्या दाण्यासाठी केलेलं सेटिंग या बाटल्यांना लावलं तर दुसरं काही होणारच नाही.

ग्राहकाला बोलवा. काठावरच्या बाटल्या टेबलावर मांडा आणि चालणाऱ्या-न चालणाऱ्या नमुन्यांवर दोघांच्या सह्या घ्या. बाटलीचे भाग पाडा. गळ्याशी, जिथे झाकण बसतं, तिथे ठिपकाही नको. लेबलाखाली थोडी सवलत चालेल. मग या मालासाठी कॅमेऱ्यात वेगळी रेसिपी, म्हणजे सेटिंगचा वेगळा संच, करा, जुनी बदलू नका. आणि वितळलेल्या प्लास्टिकच्या वाटेवरची जाळी किती बारीक आहे, ती किती वेळा बदलली जाते, ते बघा. बरेच ठिपके तिथेच अडायला हवेत.

ताई, मी मडकईच्या एका कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आहे. लग्नाआधीपासून हेच काम. आता दोन लाइनींवर कॅमेरे बसले आणि आमच्यातल्या काही जणींना पॅकिंगला पाठवलं. सुपरवायझर म्हणतो, टेबल लवकरच बंद होणार. माझं शिक्षण बारावी. मी आता काय करू? — एक भगिनी, फोंडा तालुका

बाय, तुझं पत्र मी परत परत वाचलं. खोटा धीर देत नाही. टेबल लहान होणार आहे, काही कारखान्यांत बंदही होईल. पण तुझ्याकडे जे आहे ते त्या यंत्राकडे नाही, आणि हे तुझ्या सुपरवायझरने समजून घ्यायला हवं.

तुझ्यासारख्या एका चेकरशेजारी बसून मी काम पाहिलं आहे. झाकण ती ट्यूबलाइटखाली तिरकं धरायची आणि त्याच वेळी अंगठ्याचं नख आट्यांवरून फिरवायची. फ्लॅश डोळ्याला दिसायच्या आधी नखाला लागायचा. मग ती झाकण उलटं करून नंबर बघायची आणि म्हणायची, “सहाचंच असणार.” बहुतेक वेळा सहाचंच असायचं. कुठली कॅव्हिटी कधी बिघडते, हे टूलरूमच्या आधी तिला कळायचं. तिला विचारायला मात्र कोणी येत नव्हतं. याचा मला तेव्हा राग यायचा, अजूनही येतो.

आता नवे कॅमेरे शिकणाऱ्या प्रोग्रामवर चालतात. त्यांना हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोवर सांगावं लागतं की हे चांगलं, हे वाईट, हा ठिपका, ही धूळ. ते सांगणार कोण? बहुतेक ठिकाणी यंत्रवाल्याचा नवखा मुलगा सांगतो, ज्याने झाकण हातात कधी धरलेलं नसतं. त्याने धुळीला ठिपका म्हटलं की यंत्र आयुष्यभर धुळीला ठिपका म्हणत राहतं. हे काम तुझं आहे. व्यवस्थापकाकडे जा आणि सांग की सगळ्या चेकरना तीच शंभर झाकणं वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासायला द्या, झाकणांना दिलेले क्रमांक दुसऱ्या वेळी बदलून. जिचा निकाल दोन्ही वेळा सारखा येईल तिला फोटोंवर खुणा करायला बसवा. गुणवत्ता विभागात ही परीक्षा सगळ्यांना माहीत असते, मागितली तर कोणी नाही म्हणणार नाही.

शिकायला घे ते हे : शिफ्टच्या सुरुवातीला दोषी नमुने सोडून यंत्र तपासणं, काच कशाने आणि कशी पुसायची, रिजेक्टचा कॅव्हिटीप्रमाणे तक्ता वाचणं. बारावीला हे सगळं जमतं, इंग्रजी शब्द वीस-पंचवीस असतील. स्वतःच्या नावाचं लॉगिन माग. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम केलंस तर नोंद त्याच्या नावावर होते आणि बढतीच्या वेळी तुझं काम कागदावर दिसत नाही.

हक्काचंही सांगते. यंत्रात सुधारणा केल्यामुळे कामगार कपात होण्याचा संभव असेल, तर मालकाने त्या बदलाची २१ दिवस आधी सूचना द्यावी लागते. हे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ मध्ये होतं आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ठेवलं आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमच्यातल्या कोणाला कंत्राटदाराच्या नावावर दाखवलं असेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि पीएफचा नंबर आत्ताच जमवून ठेवा. पॅकिंगला बदली झालेल्यांनी पगार आणि सेवेची वर्षं तशीच चालू राहणार आहेत हे लेखी मागून घ्यावं.

आणि तुझ्या कारखान्यातला कॅमेरा कॅव्हिटीचा नंबर वाचत नसेल तर उद्यापासून एक वही कर. रिजेक्ट पेटीतली मूठभर झाकणं दर दोन तासांनी उलटी करून बघ, तारीख, वेळ, नंबर आणि दोष लिही. आठवड्याने ती वही टूलरूमच्या फोरमनला दाखव, सुपरवायझरसमोर.